थोरली खुर्ची आणि पाचवा मणका

माणसाने आपल्या पाठीविषयी चारचौघांत बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठ ही मागे असते आणि तिने मागेच राहावे. एकाहत्तर वर्षे मी हा नियम पाळला. या हिवाळ्यात मात्र माझी पाठ इतकी पुढे आली की गल्लीत माझी चौकशी करण्याआधी लोक तिची चौकशी करू लागले. म्हणून घडले ते मीच व्यवस्थित सांगून ठेवते. माझ्या धाकट्या जावेने सांगितले, तर त्यात तिखटमीठ अंमळ जास्त पडेल.

सुरुवात एका दगडाने झाली. मोहरीची पाने मिठात घालून रांजणात दाबली, की त्यावर दगड ठेवावा लागतो. हा दगड माझ्या सासूबाईंच्या वेळचा आहे आणि तो सरळ बसला नाही तर पाने एका बाजूने काळी पडतात. माझी सून लीच्वान स्वभावाने चांगली आहे, पण दगड सरळ बसवणाऱ्यांपैकी नाही.

"दगड कलला आहे," मी म्हणाले.

"आई, दगडाला कसलं आलंय सरळ नि वाकडं. राहू द्या ना."

ज्या घरात दगडाला वाकडे राहू देतात, त्या घरात पुढे काहीच सरळ राहत नाही. मी वाकले, दगड उचलला, आणि माझ्या कमरेतून जुन्या बुधलीचे बूच निघावे तसा आवाज आला. त्यानंतर मी रांजणावर ओणवी होते ती ओणवीच राहिले. नाक मोहरीच्या पानांपासून दोन बोटांवर होते.

आमच्या झेनच्यांग शहरातल्या व्हिनेगरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षे काढली आहेत. आंबलेले धान्य लाकडी फावड्याने वरखाली करणाऱ्या चाळीस माणसांची मी मुकादम होते. त्या चाळिसांपैकी एकानेही मला विनाकारण वाकलेले पाहिलेले नाही. तेव्हा सुनेने, "आई, काय झालं?" असे विचारताच मी शांतपणे सांगितले, "पाने तपासते आहे."

पाव तास मी पाने तपासली. शेवटी मुलाने आणि सुनेने मला त्याच आकारात उचलून पलंगावर नेऊन ठेवले.

एरवी मी याची फारशी दखल घेतली नसती. परंतु माझा नातू च्याशू याचे लग्न बरोबर चाळीस दिवसांवर आले होते. आमच्या घराण्यात लग्नाच्या सकाळी नवी सून दिवाणखान्यात गुडघे टेकते आणि दाराकडे तोंड करून बसलेल्या घरातल्या थोरल्या बाईला दोन्ही हातांनी चहा देते. कप सुनेच्या हातातून थेट थोरलीच्या हातात जावा लागतो. मध्ये तिसरा हात आला तर तो अपशकुन. ज्या खुर्चीत थोरली बसते ती सागवानाहून काळ्या लाकडाची, सरळ पाठीची आणि उशीविरहित असते. तीत बसून बाईने चहा घेतला, म्हणजे घराने सून स्वीकारली. नाहीतर नुसतेच जेवण झाले.

च्याशूने महिनाभर आधीच चाचपडून पाहिले होते. "आजी, तिंगयूनं उभ्यानंच चहा दिला तर? आजकाल गुडघेबिडघे कोणी टेकत नाही."

"आजकालच्या खुर्च्या आजकालच्या लोकांसाठी," मी म्हणाले होते. "माझ्या खुर्चीसमोर गुडघेच टेकतात. मी टेकले, तुझ्या आईने टेकले, तुझ्या धाकट्या आजीनेही टेकले."

आता एवढे ठणकावून सांगितलेल्या बाईला खुर्चीतच बसता येत नव्हते. मी उभी राहू शकत होते, म्हणजे काटकोनात. मी आडवी होऊ शकत होते. या दोहोंच्या मधली जी स्थिती, जिच्यावर सर्व संस्कृती उभी आहे, ती बसण्याची स्थिती मला वर्ज्य झाली होती. आणि थोरलीची खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. थोरली नसली तर तिच्या खालची बसते. माझ्या खालची म्हणजे माझ्या दिवंगत दिराची बायको, युनश्या.

युनश्याविषयी मला वाईट बोलायचे नाही. ती अडुसष्ट वर्षांची असून रोज सकाळी उद्यानात एक पाय लोखंडी दांडीवर ठेवून उभी राहते, आणि ओळखीचे कोणी जाईपर्यंत तो खाली घेत नाही. एवढेच सांगते. बाकी वाचकांनी समजून घ्यावे.

मी घरात सक्त ताकीद दिली, की माझ्या पाठीची बातमी युनश्यापर्यंत जाता कामा नये. मग ती गल्लीतल्या सर्वांपर्यंत गेली.

खालच्या मजल्यावरचे पांग हे निवृत्त वीज-कर्मचारी. ते पहिल्याच सकाळी वर आले आणि त्यांनी निदान केले. "शावबाई, ही नस दबलीय. झाडावर पाठ आपटा. रोज शंभर वेळा. माझं बघा, अकरा वर्षं आपटतोय."

"आणि बरे वाटले?"

"मला कुठे काय झालं होतं? पण होणारही नाही ना आता."

दुसरा सल्ला समोरच्या दारातल्या बाईंचा: गरम मीठ आणि व्हिनेगर यांची पुरचुंडी करून शेकणे. व्हिनेगरच्या बाबतीत मला कोणी सल्ला द्यावा हे मला रुचले नाही, तरी शेकले. आठ दिवस माझ्या खोलीला कारखान्याचा वास येत होता. मन प्रसन्न झाले. पाठ होती तिथेच राहिली. तिसरा सल्ला सर्वांचाच होता. उलटे चालावे, म्हणजे मणके आपोआप जागेवर जातात. आमच्या उद्यानात सकाळी निम्मे म्हातारे उलटेच चालतात, त्यामुळे मीही, थोडी सरळ होऊ लागल्यावर, युनश्या घरी गेल्याची खात्री करून उलटी चालू लागले. तिसऱ्या दिवशी तळ्याच्या वळणावर माझी पाठ एका पाठीवर आदळली. ते पांग होते. तेही उलटे चालत होते.

"अहो, बघून चाला की," ते खाली बसल्या बसल्या म्हणाले.

"आपणही मागेच जात होतात," मी म्हणाले. "मागे बघण्याची जबाबदारी दोघांचीही सारखीच होती."

त्या धडकेनंतर मी पुन्हा काटकोनात गेले आणि मुलाने मला रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने एमआरआयचे चित्र काचेवर लावले. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती बाहेर सरकून नसेवर बसली होती. ती बसू शकते आणि मी बसू शकत नाही, यातला अन्याय मला तिथल्या तिथे जाणवला.

"शस्त्रक्रियेची घाई नको," तो म्हणाला. "आधी त्वेना, म्हणजे हातांनी मर्दन, करून बघू. आमच्या मर्दन विभागात रुआन उस्ताद आहेत. दहा बैठका. पण आजी, आधी उपचाराची नोंदणी करावी लागेल. खाली खिडकी क्रमांक सहा."

खिडकी क्रमांक सहाजवळ एक यंत्र होते. रुग्ण स्वतः जिवंत आहे आणि तोच तो आहे, हे यंत्राला चेहरा दाखवून सिद्ध करायचे असते. यंत्र उभ्या माणसाच्या उंचीवर भिंतीत बसवलेले होते आणि मला त्या दिवशी फक्त फरशी पाहता येत होती. यंत्राला माझा अंबाडा दिसला. त्याने तीन वेळा विचार केला आणि मला नाकारले.

खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, वर बघा जरा."

"मला वर बघता येत असते, तर मी इथे आले नसते."

"पण त्याला चेहरा दिसायला हवा ना."

"मग त्याला वाकायला सांग. वयाने मी मोठी आहे."

मुलगी बिचारी सालस होती. तिने आतून हातात धरायचे दुसरे यंत्र आणले आणि ती माझ्यासमोर फरशीवर बसली. यंत्र म्हणाले, प्रकाश अपुरा आहे. मग मला प्रतीक्षा-बाकावर उताणे झोपवण्यात आले आणि मुलीने यंत्र माझ्या तोंडावर धरले. डोळे मिचकावा. मिचकावले. तोंड उघडा. उघडले. मान हळूहळू डावीकडे वळवा. डावीकडे खिडकी क्रमांक पाचची संपूर्ण रांग माझ्याकडे पाहत होती. त्यांतल्या एका गृहस्थाने आपली टोपी काढली. पुढे कळले, त्यांना वाटले होते की मी गेले.

यंत्राने मला जिवंत ठरवले.

रुआन उस्ताद जन्मांध आहेत. वय पन्नाशीचे, हात भाकरी थापणाऱ्या बाईसारखे रुंद, आवाज मवाळ. त्यांच्या खोलीत दोन अरुंद खाटा असून मध्ये पडदा आहे. खाटेला उशाशी एक भोक असते. पालथे झोपून त्यात चेहरा घालायचा. मग जगातले फक्त जमिनीचे एक वर्तुळ आपल्याला दिसते. एकतीस वर्षे चाळीस माणसांवर नजर ठेवलेल्या बाईला हे वर्तुळ फारच तोकडे वाटले.

त्यांनी अंगठा कमरेवर ठेवला आणि नुसता ठेवूनच म्हणाले, "डाव्या पायात मुंग्या येतात, पोटरीपर्यंत. फावडं मारायचात का पूर्वी?"

मी थक्क झाले, पण तसे दाखवले नाही. मग त्यांनी दाब दिला. "मावशी, दुखतं का?"

आता कोणी पाहुण्याने विचारले, "जेवलात का," तर आपण उपाशी असलो तरी "जेवले" म्हणतो. कोणी विचारले, "त्रास झाला का," तर "छे, कसला त्रास" म्हणतो. हा सभ्यपणाचा पहिला धडा आहे. मी म्हणाले, "छे. अजिबात नाही."

"मग थोडा जोर वाढवतो."

त्यांनी कोपर लावले. माझ्या डोळ्यांतून एक थेंब त्या भोकातून थेट फरशीवर पडला. "आता?"

"आपण सुरुवात केलीत का?" मी विचारले.

तीन बैठका हे असेच चालले. ते विचारीत, मी नाकारीत असे आणि ते जोर वाढवीत असत. तिसऱ्या बैठकीनंतर मी दोन दिवस पलंगावरून उठले नाही. चौथ्या वेळी त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ काहीच केले नाही.

"मावशी," ते म्हणाले, "तुमचं तोंड म्हणतं नाही, आणि पाठ म्हणते आई गं. मी कुणाचं ऐकू?"

"तोंडाचे ऐकावे. मर्यादा तोंडाला असते."

"मला तोंड दिसत नाही हो, पाठ दिसते. आजपासून मी तिच्याशी बोलतो, तुम्ही मधे पडू नका." मग हलके हसून म्हणाले, "गंमत आहे. गुरुवारी दुपारी अशाच एक येतात. त्याही म्हणतात, अजिबात नाही. मांडीच्या मागची शीर तुटायला आलीय, तरी अजिबात नाही. तुम्हा लोकांची एखादी शाळा होती का?"

मी या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. त्या दिवसापासून मात्र त्यांचा हात बदलला. त्यांनी तळव्याने कमर कणीक तिंबावी तशी सावकाश तिंबली, एका कुशीवर वळवून खांदा पुढे आणि कंबर मागे अशी हलकी पिळली, आणि सहाव्या बैठकीनंतर मी रुग्णालयाच्या पायऱ्या माणसासारखी उतरले. आठव्या बैठकीला खुर्चीवर पाच मिनिटे बसले. लग्न नऊ दिवसांवर होते.

नववी बैठक माझ्या नेहमीच्या वारी नव्हती. त्या दिवशी उस्तादांची सुट्टी असल्याने मला गुरुवारी बोलावले होते. मी पालथी झोपले, चेहरा भोकात घातला. पडद्यापलीकडच्या खाटेवरही कोणीतरी होते. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता, आणि माझ्या वर्तुळाच्या कडेला पलीकडच्या खाटेखाली काढून ठेवलेल्या बुटांचे टोक दिसत होते.

ते काळे मखमली कापडी बूट होते. त्यांवर जांभळ्या रेशमाचे बोरूचे पान भरलेले होते. हे पान कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते मी भरले होते. गेल्या नववर्षाला हे बूट मी युनश्याला दिले होते.

"दुखतं का?" पलीकडे उस्तादांनी विचारले.

"अजिबात नाही," युनश्या म्हणाली. आवाज तिचाच, पण हळद दळताना जाते घरघरते तसा.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा योग्य वेळी गप्प बसले आहे. त्या दिवशी ते जमले नाही. "युनश्या," मी फरशीला उद्देशून म्हणाले, "पाय दांडीवर किती वेळ ठेवत होतीस?"

पलीकडची खाट करकरली. मग फरशीवरून उत्तर आले. "वहिनी? तुम्ही होय. मी म्हटलं, व्हिनेगरचा वास कुठून येतोय."

"मी विचारले त्याचे उत्तर दे."

"तुमचे ते पांग गेले नाहीत लवकर. बोलतच बसले. म्हणाले, शावबाईंची पाठ गेली, आता खुर्चीत तुम्हीच. मी पाय तसाच ठेवला. मग तो खालीच येईना."

"म्हणजे तुलाही बसता येत नाही?"

"बसता येतं की." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "उठता येत नाही."

उस्ताद एव्हाना अलीकडे येऊन माझ्या कमरेवर अंगठा ठेवून उभे होते. ते म्हणाले, "मावशी, तुमची पाठ हसतेय. हसू नका, अंगठा सटकतो." मी हसत नव्हते. असे मी त्यांना सांगितलेही.

त्या दुपारी आम्ही दोघी पालथ्या पडून, एकमेकींचे तोंड न पाहता, चाळीस वर्षांत बोललो नव्हतो तितके बोललो. सासूबाईंचा विषय निघाला. आम्ही दोघींनी त्यांच्यापुढे विटांच्या जमिनीवर गुडघे टेकले होते. चहा हातात घेण्याआधी त्या कपातली वाफ निवेपर्यंत त्यात पाहत बसायच्या. युनश्या म्हणाली, "माझ्या वेळेला त्या मधे उठून दारापर्यंत जाऊन आल्या. माझे गुडघे अजून थंडीत ठणकतात, वहिनी." हे मला ठाऊक नव्हते. माझेही ठणकतात, असे मी सांगितले नाही. थोरलीने सगळे सांगायचे नसते.

खुर्चीत मीच बसावे, हे ठरवावे लागले नाही. ज्या बाईला उठता येत नाही, तिला घराणे खुर्चीत बसवीत नाही.

लग्नाच्या सकाळी मी खुर्चीत बसले. बसले म्हणजे उस्तादांनी शिकवले तसे: आधी टाचा, मग मांड्या, पाठ भिंतीसारखी सरळ, पाव तासाची मुदत. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ह्यांचा फोटो होता. मागे युनश्या, खुर्चीची पाठ धरून, कारण तिला कशाला तरी धरणे भाग होते. पाहुण्यांनी दिवाणखाना भरला होता. पांग सर्वांत पुढे होते. मी त्यांच्याकडे असे पाहिले की ते एक पाऊल मागे गेले, न बघता.

तिंगयू लाल पोशाखात आली. तिने माझ्यापुढे उशीवर गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कप वर केला आणि म्हणाली, "आजी, चहा घ्या."

मी हात पुढे केला. कप माझ्या बोटांपासून वीतभर लांब होता.

दहा बैठका, एक एमआरआय, जिवंत असल्याचा सरकारी पुरावा, एवढे सगळे झाले होते. बसण्याचा विचार डॉक्टरने केला होता, उस्तादांनी केला होता, मी तर चाळीस दिवस दुसरा विचारच केला नव्हता. चहा घ्यायला वाकावे लागते, हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते.

मी एक बोटभर पुढे झुकून पाहिले. चकतीने तात्काळ आपले मत कळवले. मी पुन्हा सरळ झाले. पोरीचे हात यापेक्षा पुढे येत नव्हते. तिने ते ताणले तेव्हा कपावरचे झाकण किणकिणू लागले. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. कोणीतरी कुजबुजले, "जुन्या वळणाच्या आहेत. परीक्षा बघतायत." च्याशूचा चेहरा पांढरा पडला. आणि मला त्या क्षणी स्पष्ट दिसले की समोर विटांची जमीन आहे, कपातली वाफ निवते आहे आणि खुर्चीत सासूबाई बसल्या आहेत.

मागून युनश्याचा आवाज आला. तो मोठा होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"अगं पोरी, उठ की. तुला कुणी सांगितलं नाही का? आमच्या घरात सून चहा उभ्यानं देते. गुडघे टेकवणं हे इतरांच्यात. आमच्यात जुनी चाल आहे ही, पिढ्यान् पिढ्यांची. काय हो वहिनी?"

सगळा दिवाणखाना माझ्याकडे पाहू लागला. या खोलीत निदान सहा माणसे अशी होती, ज्यांना आमची खरी चाल कोणती ते मी स्वतः, तारीखवार, सांगितले होते. त्यांत माझा नातू होता.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "सासूबाईंपासून आहे. पोरीला आधी सांगायचे राहिले, ही आमची चूक. ऊठ, बाळ."

तिंगयू उठली. ती उभी राहून जरा वाकली, तेव्हा कप बरोबर माझ्या हाताशी आला, आणि तिचा चेहरा बरोबर माझ्या चेहऱ्यासमोर. गुडघे टेकलेल्या सुनेचा नुसता भांग दिसतो. पोरीच्या हनुवटीवर एक लहानसा तीळ आहे हे मी तेव्हाच पाहिले. चहा मी लगेच प्यायले. जीभ भाजली. दुखले नाही, असे सांगितले.

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणालाही न कळता मी डावा हात मागे नेला आणि युनश्याच्या हातावर ठेवला. तिने तो धरला तो सोडला नाही. मला वाटते, तिला तोल सांभाळायचा होता. मी तसेच धरून चालते.

आता आमच्या गल्लीत दोन लग्नांत सुनांनी उभ्याने चहा दिला आहे. पांग सर्वांना सांगतात की ही फार प्राचीन पद्धत असून मणक्यांना हितकर आहे. तिंगयू रविवारी येते. परवा तिने रांजणावरचा दगड बसवला. थोडा कलला होता. मी पाहिला आणि स्वयंपाकघरातून बाहेर आले.

उस्तादांनी आणखी दहा बैठका सांगितल्या आहेत. नोंदणी पुन्हा करावी लागली, पण या वेळी यंत्राने मला एका नजरेत ओळखले. गुरुवारी दुपारी आम्ही दोघी जातो. मधला पडदा आता बाजूला केलेला असतो. फरशीच्या माझ्या वर्तुळात माझे बूट दिसतात, तिच्या वर्तुळात तिचे. दोन्हींवर एकच बोरूचे पान आहे, माझे जरा जास्त सुबक.

"दुखतं का?" उस्ताद विचारतात.

"दुखते," मी म्हणते. हल्ली मी त्यांना खरे सांगते.

पलीकडच्या खाटेखालून आवाज येतो. "मला जास्त दुखतं, वहिनी."

"युनश्या," मी सांगते, "या घरात थोरली मी आहे. जास्त दुखण्याचा मान माझा."